गल्लीपलीकडची आई

आमच्याकडे येणारं बाळ आईबरोबर कधीच यायचं नाही. ते यायचं बापाच्या हातातून, मामाच्या उपरण्यातून, नाहीतर प्रसूतिगृहातल्या आयाबाईच्या कुशीतून, हिरव्या कापडात गुंडाळलेलं आणि बहुतेक वेळा गार पडलेलं. आई मागे राहायची, समोरच्या इमारतीत, पोटाला ताजे टाके घेऊन. संगमनेरातल्या ज्या बालरुग्णालयात माझी नोकरी झाली ते एका अरुंद गल्लीच्या या बाजूला होतं आणि प्रसूतिगृह त्या बाजूला. मधे एक मेडिकल, एक रसवंती आणि आडव्या-तिडव्या लावलेल्या मोटारसायकली. या गल्लीतून दिवसभर कोणी ना कोणी झाकण लावलेली वाटी घेऊन पलीकडून अलीकडे येत असायचं. वाटीत आईचं दूध. गल्लीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. वाटीवालं माणूस दिसलं की टेम्पोसुद्धा थांबायचा.

आता मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. मध्यंतरी त्यांना घेऊन एका नव्या हॉस्पिटलात गेले होते. तिथे आई आणि बाळ एकाच इमारतीत. आईच्या खाटेजवळ मोबाईल टेकवून ठेवलेला आणि त्यात तिचं बाळ दिसतंय, हातपाय हलवतंय. फार चांगली सोय आहे. अशी सोय व्हावी म्हणून मीच कितीदा भांडले असेन. तरी परत येताना मला आमची गल्लीच आठवत राहिली.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला आमच्याकडे कोणी त्या नावाने ओळखत नाही. 'पेटीत ठेवलंय' म्हणतात. पेटी म्हटलं की लोकांना वाटतं काचेत काहीतरी जादू असते. जादू काही नसते. माझा स्वभाव यादीचा, त्यामुळे ड्यूटीवर आलेल्या नव्या मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगायचे: ऊब, श्वास, साखर, दूध, हात. याच क्रमाने बघायचं. बाळाचे तळपाय गरम आहेत का? छाती नीट वर-खाली होतेय का? साखर उतरली नाही ना? आईचं दूध आलं का? आणि हे सगळं बघण्याआधी तू हात धुतलेस का? मुली म्हणायच्या, मग हात पहिले का नाहीत? मी म्हणायचे, शेवटी ऐकलेलं लक्षात राहतं म्हणून.

हात धुण्यावरून मी लोकांशी जितकी भांडले तितकी कशावरूनच भांडले नाही. आत यायचं तर बांगड्या काढायच्या आणि कोपरापर्यंत साबण लावायचा. नव्याने आई झालेल्या बाईला बांगड्या काढ म्हटलं की तिच्याआधी तिची सासू नाही म्हणायची. एकीने तर विचारलं, "ह्या बाईला नवरा हाय का न्हाई?" मी म्हटलं, "आहे, आणि तोही आत येताना घड्याळ काढतो."

दुधावरून भांडणं कमी व्हायची, कारण हा भाग दुधाचा. एका आजोबांची आठवण अजून हसवते. सकाळी डेअरीला दूध घालून ते थेट नातवाला बघायला आले होते. आईचं दूध आलं का विचारलं तर म्हणाले, "आलं हुतं, पन पिवळं आन चिकट. बायांनी काढून टाकलं."

"बाबा, गाय व्याली की वासराला आधी काय पाजता?"

"चीक. त्याच्याबिगर वासरू जगंल व्हय?" एवढं बोलून ते वळले. मग दारात उभ्या असलेल्या बायकोवर कडाडले, "आगं ये, कुठं टाकलं त्ये?" त्या दिवसापासून म्हातारबाबा प्रसूतिगृहाच्या खिडकीखाली उभे राहून वर ओरडायचे, "चीक आला का गं?" सून लाजेने खिडकी लावून घ्यायची, पण वाटी वेळेवर यायची.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण मला सांगायची आहे ती सुवर्णाची. नावं बदलली आहेत.

सुवर्णा अकोले रस्त्याकडच्या एका गावची. पहिली खेप, सातवा महिना. रक्तदाब इतका चढला की तिला घरीच झटके आले. बेशुद्धच आणली आणि पूर्ण भूल देऊन तिचं सिझर केलं. म्हणजे बाळ बाहेर आलं ते तिला कळलं नाही. रडणं ऐकलं नाही, तोंड बघितलं नाही. बाळ घेऊन गल्ली ओलांडून आला तो तिचा नवरा भाऊसाहेब. दुधाच्या टेम्पोवर चालक. दार उघडंच टाकून तो आत शिरला.

"सिस्टर, हलतंय का ओ?"

"हलतंय. आधी दार लावा, वारं येतंय."

मुलगी होती. माझ्या पंजात मावेल एवढी. तिला उबेत ठेवलं, नाकाला हवा देणारं यंत्र लावलं. इतक्या लवकर आलेल्या बाळाला श्वास घ्यायचा आहे हे मधूनच विसरायला होतं. मग तळपायाला टिचकी मारायची की ते पुन्हा आठवतं. असं आठवण करून देत देत आम्ही तिला पुढे आणली आणि डॉक्टर म्हणाले, "आता पोटात काहीतरी द्यायला हवं. आईचं दूध आलं तर नळीने थेंबथेंब सुरू करू." पावडरचं दूध अशा बाळाच्या आतड्याला झेपतंच असं नाही. पोट फुगतं, आतडं सडूही शकतं. आईच्या दुधाला पर्याय नव्हता, आणि थांबायलाही फार जागा नव्हती.

निरोप पाठवला. वाटी आली ती रिकामी. वाटी आणणाऱ्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, "पान्हाच फुटंना वो तिला." पुन्हा पाठवली, पुन्हा रिकामी.

सिझरनंतर दूध उशिरा येऊ शकतं, पण येतं. बसवावं लागतं, शेक द्यावा लागतो, हाताने काढायला शिकवावं लागतं. दुपारच्या सुट्टीत मीच गल्ली ओलांडली. मोबाईलमध्ये बाळाचा फोटो घेतला होता. असा फोटो बघून आईला पान्हा फुटताना मी अनेकदा पाहिलं होतं.

सुवर्णा कोपऱ्यातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. पायाशी सासूबाई.

"सुवर्णा, मी समोरच्या हॉस्पिटलातली सिस्टर. तुझी मुलगी माझ्याकडे आहे. हे बघ."

तिने फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "मुलगी?"

"हो. छान आहे हो, अगदी छान आहे."

"बरं," असं म्हणून तिने फोन परत दिला आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

सासूबाई माझ्या मागोमाग बाहेर आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "घात केला तुमी सिस्टर."

"का? काय झालं?"

"आमी तिला पोरगा झालाय म्हनून सांगितलंय."

मी फक्त "कशाला?" एवढंच विचारलं.

"डाक्टरीनबाई म्हनल्या, हिच्या मनाला लागंल आसं काय बोलू नका, बीपी चढंल. पहिल्या खेपंला तिला पोराचीच आस. आमालाबी हुती, खोटं कशाला बोलू? म्हनलं, उठून बसली की सांगू. तवर काय बिघडतंय?"

काय बिघडलं ते मला आत गेल्यावर कळलं. मी सुवर्णाला सगळं उलगडून सांगितलं. सासूबाईंनी देवाची शपथ घातली. भाऊसाहेबाला बोलावून आणलं, त्याने आपल्या गळ्याला हात लावून सांगितलं. ती सगळ्याला मान डोलावत राहिली. नाही म्हणणाऱ्या बाईशी वाद घालता येतो. मान डोलावणाऱ्या बाईपुढे काही चालत नाही.

दोघे बाहेर गेल्यावर ती मला म्हणाली, "सिस्टर, तुमच्यावर राग न्हाई माझा. पोरगा गेला माझा. आता मी रडत बसू नये म्हनून कुनाची तरी पोरगी दावताय. हुद्या. पन दूध कुनासाठी काढू?"

"तुझ्या मुलीसाठी."

"मला म्हाईत हाय कसं सांगत्यात त्ये. मीच सांगितलंय."

मग तिने जे सांगितलं ते असं. तिची थोरली जाऊ मंदा. घरात तिला आक्का म्हणतात. सुवर्णा लग्न होऊन आली त्याच वर्षी आक्काचं असंच लवकर सिझर झालं. दुसऱ्या गावात, दुसऱ्या हॉस्पिटलात. बाळ पेटीत ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी गेलं. पण बाळंतीण ओली आहे, टाके ओले आहेत, धक्का बसेल, म्हणून घरच्यांनी ठरवलं की घरी नेईपर्यंत सांगायचं नाही. आक्काजवळ बसायला ठेवली होती सुवर्णाला. ती रोज सांगायची, बाळ छान आहे, झोपलंय, उद्या दाखवणार आहेत. आक्काचं दूध काढून घ्यायची आणि बाहेर जाऊन मोरीत ओतायची.

ही पद्धत मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. आमच्या भागात बाळंतिणीपासून वाईट बातमी लपवतात, ती मायेपोटीच लपवतात. पण एकदा जी बाई लपवण्यात सामील झाली, तिला पुढे आयुष्यभर 'छान आहे' या दोन शब्दांचा अर्थ वेगळाच लागतो, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मी हिशेब केला. सुवर्णाला चाकाच्या खुर्चीतून आणायचं, तर तिच्या डॉक्टर परवानगी देईनात. दाब अजून उतरला नव्हता, पुन्हा झटके आले असते. बाळाला तिकडे न्यायचं तर श्वासाचं यंत्र काढावं लागलं असतं. दोघींमधे फक्त एक गल्ली आणि ती ओलांडता येत नाही.

"मग तू कोणाचं खरं मानशील?" मी विचारलं.

तिने तोंड माझ्याकडे वळवलं. "आक्काचं. पन ती यायची न्हाई. आन आत्याबाई तिला पेटीच्या दारात उभी बी करायच्या न्हाईत."

भाऊसाहेब जिन्यात उभा होता. त्याला म्हटलं, "वहिनींना घेऊन या."

"आईला चालनार न्हाई."

"आईंना मी बघते."

तो मान खाली घालून म्हणाला, "आईचं जाऊंद्या ओ. वहिनीला कोनच्या तोंडानं सांगू? त्या टायमाला मी बी गप बसलो हुतो."

"त्याच तोंडाने सांगा. दुसरं आणणार कुठून?"

आत फक्त आई-वडील येणार, हा नियम माझाच. म्हणून डॉक्टरांना विचारायला गेले. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "कोण आहे?"

"बाळाची मोठी काकू."

"नियम तुम्हीच केलाय सिस्टर."

"म्हणून तर विचारतेय."

"मग तुम्हीच मोडा. माझ्याकडे कशाला पाप आणता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाताई आल्या. गोठ्याचं आवरून, टेम्पोत भाऊसाहेबाशेजारी बसून. सडपातळ बाई, पदर घट्ट खोचलेला. पायरी चढू लागल्या आणि बाकावरून सासूबाई उठल्या.

"हिला कशाला आनलं रे? हिच्या पोटचं पेटीतच गेलं. नको हिची सावली लेकरावर."

मंदाताई एक पाय पायरीवर, एक खाली, तशाच थांबल्या. मला वाटलं, आता वळतील.

"आजी," मी म्हटलं, "आत कोण येणार ते इथं मी ठरवते. राग आला तर माझ्यावर काढा. तुमची सून दूध का काढत नाही ठाऊक आहे? तिला वाटतंय लेकरू गेलं. तुम्ही पोरगा सांगितला, मी मुलगी सांगितली. आता आम्हा दोघींचं ती ऐकत नाही."

"आन हिचं ऐकंल?"

"ऐकेन म्हणालीय."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि बाकावर बसल्या. त्या रडत होत्या की रागावल्या होत्या, मी बघत बसले नाही.

आत आल्यावर मंदाताईंना मला काही शिकवावं लागलं नाही. बांगड्या काढून डब्यात ठेवल्या, चपला बाजूला लावल्या, कोपरापर्यंत साबण लावून बोटांच्या बेचक्यांतून घासला. हे सगळं त्यांनी एकदा शिकून घेतलं असणार, बाळ बघायला मिळेल म्हणून. मी नुसता टॉवेल पुढे केला.

पेटीपाशी त्या उभ्या राहिल्या. हात मागे बांधलेले. बाळाकडे बघत राहिल्या, मग यंत्राकडे, मग पुन्हा बाळाकडे. "हात लावू?"

"लावा. चोळू नका, नुसता ठेवा."

त्यांनी एक बोट पुढे केलं. बाळाने ते मुठीत धरलं. सगळीच बाळं धरतात, त्यात विशेष काही नाही. मी हजारदा पाहिलेलं.

"सिस्टर, खरं सांगा. जगंल का?"

मी तोंड उघडलं होतं 'छान आहे' म्हणायला. म्हणाले, "माहीत नाही. आज बरी आहे. दूध मिळालं तर उद्याही बरी असेल."

त्यांनी मान हलवली. "हां. आसं मला कुनी सांगितलंच न्हाई."

आम्ही दोघींनी गल्ली ओलांडली. सुवर्णाने पावलं ओळखली असावीत, कारण आम्ही खोलीत शिरायच्या आधीच ती वळून बसायची धडपड करत होती. "आक्का."

"पडून ऱ्हा. टाकं तुटत्याल." मंदाताई खाटेच्या कडेला टेकल्या. "बघून आले."

मंदाताई बोलत गेल्या. "पोरगी हाय. काळीसावळी. तुझ्यावर न्हाई, भाऊसाहेबावर गेलीय, कपाळ तेवढं तुझं. अंगभर बारीक लव, माकडाच्या पिलावानी. डावा कान मुडपलाय. पाय म्हंजी माझ्या आंगठ्यायवढं. रडती, पन आवाज निघत न्हाई, नाकात नळी हाय. चांगली दिसत न्हाई सुवर्ने, मी खोटं सांगायची न्हाई. जगती का न्हाई त्ये ह्या सिस्टरलाबी म्हाईत न्हाई. पन आत्ता जिती हाय. माझं बोट धरलं हुतं तिनं, मी सोडवून आले."

सुवर्णाने तोंडावर दोन्ही हात घेतले. सिझरच्या टाक्यांवर असं रडणं चांगलं नसतं, मी नर्स म्हणून तिला थांबवायला हवं होतं. मी गरम पाणी आणि रुमाल आणायला गेले. परत आले तर मंदाताई तिला मागून उशी लावून बसवत होत्या आणि म्हणत होत्या, "आता रडनं पुरं. मला म्हैस पिळता येती, तुझं काय आवघड हाय?" आणि रडता रडता सुवर्णा हसली, आणि "आय गं, टाकं" म्हणून ओरडली.

पहिल्या खेपेला जेमतेम तळ झाकेल इतकंच निघालं. तेवढं आम्हाला पुरेसं होतं.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. एकदा बाळाला कावीळ झाली, एकदा ती श्वास घ्यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ विसरली आणि आम्ही सगळे धावलो. पण दूध थांबलं नाही. वाटी आणायचं काम मंदाताईंनी घेतलं ते कोणालाच दिलं नाही. सासूबाई काही दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या. मग एकदा मी बघितलं, त्या बाकावर सरकून जागा करत होत्या आणि बशीत चहा ओतत म्हणत होत्या, "घे, निवलाय." यापेक्षा जास्त माफी त्या पिढीकडून मी कधी ऐकली नाही.

सुवर्णाचा दाब उतरल्यावर ती चाकाच्या खुर्चीतून आली. पेटीपाशी आल्यावर तिने सगळ्यात आधी डावा कान बघितला.

तेव्हापासून मी आईला 'छान आहे' म्हणणं सोडून दिलं. जे दिसतं ते सांगायचं. आज डोळे उघडे होते, आज शी केली, आज वजन उतरलं. वाईटही सांगायचं, हात धरून. मुलींना शिकवतानाही हेच सांगते. त्या लिहून घेतात. त्यातल्या किती जणी करतील ते त्यांच्यावर आहे.

घरी जायच्या दिवशी दोघी जावा आमच्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. सासूबाई भाऊसाहेबाबरोबर औषधं घ्यायला गेल्या होत्या. बाळ मंदाताईंच्या मांडीवर, टोपडं नाकापर्यंत आलेलं. मी कागद तयार करत खिडकीत बसले होते. त्यांना वाटलं असेल मला ऐकू येत नाही.

सुवर्णा म्हणाली, "आक्का, तवा मी खोटं बोलत हुते. रोज."

"म्हाईत हाय."

"कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. तू बोलताना माझ्याकडं बघत नव्हतीस."

"मंग मला बोलली का न्हाईस?"

मंदाताईंनी बाळाचं टोपडं वर सारलं. मग म्हणाल्या, "तू यायची आन सांगायची, आज दूध प्यालं, आज जांभई दिली. मला ऐकायचं हुतं गं. घरी गेल्याव कोन सांगनार हुतं?"